संश्लेषित इंजिन तेल

ज्या वंगणतेलातील मूळ तेल केवळ खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनाने न मिळवता रासायनिक प्रक्रियेने घडवलेले असते, त्यास संश्लेषित इंजिन तेल किंवा बाजारी भाषेत सिंथेटिक ऑइल असे म्हणतात. मोटारीच्या अंतर्ज्वलन इंजिनात त्याचा वापर १९७० च्या दशकापासून सुरू झाला. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींच्या मार्गदर्शक पुस्तिकेत पूर्णतः वा अंशतः संश्लेषित तेलाचीच शिफारस आढळते. मात्र 'संश्लेषित' हा शब्द म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. आपल्या गाडीस कोणते तेल योग्य, हे त्या शब्दावरून ठरत नाही. ते डब्यावरील श्यानतेचे अंक आणि प्रमाणकांची अक्षरे यांवरून ठरते. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालण्याची रीत ज्या समाजात होती, त्याला वंगणाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु आसाचे वंगण आणि इंजिनाचे तेल यांच्या कामात मोठे अंतर आहे.

कार्य

इंजिनातील तेल घर्षण कमी करते, हे सर्वांस ठाऊक असते. त्याखेरीज ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट बुजवते, ज्वलनातून निर्माण झालेली काजळी स्वतःमध्ये तरंगत ठेवते, आम्लांचे उदासिनीकरण करते आणि धातूला गंजू देत नाही. आधुनिक इंजिनांत झडपांच्या उघडझापीची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. म्हणजे तेल हे आता वंगणाबरोबर द्रवचालित यंत्रणेचे माध्यमही झाले आहे. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा दांडा तेलाच्या पातळ पापुद्र्यावर फिरत असतो.

मूळ तेल व त्याचे गट

कोणत्याही इंजिन तेलाचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून अधिक भाग मूळ तेलाचा असतो. उरलेला भाग पूरक द्रव्यांचा, म्हणजे ज्यांना ॲडिटिव्ह म्हणतात त्यांचा असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिले तीन गट पाडताना तेलातील संपृक्त हायड्रोकार्बनांचे प्रमाण, गंधकाचे प्रमाण आणि श्यानता निर्देशांक या तीन कसोट्या लावल्या जातात.

पहिल्या गटात विद्रावकाच्या साहाय्याने शुद्ध केलेली पारंपरिक खनिज तेले येतात. त्यांत संपृक्त हायड्रोकार्बने ९० टक्क्यांहून कमी किंवा गंधक ०.०३ टक्क्यांहून अधिक असते. दुसऱ्या गटातील तेले हायड्रोजनच्या साहाय्याने अधिक शुद्ध केलेली असतात. त्यांत संपृक्त भाग ९० टक्के वा अधिक, गंधक ०.०३ टक्के वा कमी आणि श्यानता निर्देशांक ८० ते १२० च्या दरम्यान असतो. तिसऱ्या गटाच्या पहिल्या दोन कसोट्या दुसऱ्या गटासारख्याच आहेत. परंतु श्यानता निर्देशांक १२० वा त्याहून अधिक असावा लागतो. तो मिळवण्यासाठी खनिज तेलातील मोठे रेणू प्रखर दाब, उष्णता व उत्प्रेरक यांच्या साहाय्याने तोडले जातात आणि मेणासारख्या सरळ साखळ्यांना फाटे फोडले जातात. चौथा गट केवळ पॉलिअल्फाओलेफिन या संयुगांसाठी राखून ठेवलेला आहे. एथिलीन वायूपासून डिसीन तयार करून, त्याचे काही रेणू एकमेकांस जोडून व शेवटी हायड्रोजनने संपृक्त करून हे तेल बनवतात. त्याचे रेणू जवळजवळ एकाच साच्यातले असतात आणि त्यात मेण नसते. म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही वाहते. पाचव्या गटात उरलेली सर्व मूळ तेले येतात. त्यांपैकी मोटारीच्या दृष्टीने एस्टर वर्गातील तेले महत्त्वाची आहेत.

श्यानता निर्देशांक ही कल्पना समजून घेण्याजोगी आहे. तापले की प्रत्येक तेल पातळ होते. मात्र काही तेले झपाट्याने पातळ होतात, काही धीम्या गतीने. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी हा फरक मोजण्यासाठी एक पट्टी आखली. त्या काळी तापमानाने सर्वांत कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील तेलाला त्यांनी १०० गुण दिले व सर्वांत अधिक बदलणाऱ्या मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाला शून्य. शंभराच्या वर काही जाईल, अशी तेव्हा कल्पना नव्हती. आजची चांगली संश्लेषित इंजिन तेले १५० च्या पुढे जातात.

नैसर्गिक वायूपासूनही मूळ तेल बनवता येते. जर्मनीत १९२५ च्या सुमारास फिशर व ट्रॉप्श यांनी शोधलेल्या प्रक्रियेवर ही पद्धत आधारलेली आहे. कतारमधील रास लफान येथील शेल कंपनीच्या प्रकल्पात असे तेल मोठ्या प्रमाणावर तयार होते.

इतिहास

हायड्रोकार्बनांचे संश्लेषण एकोणिसाव्या शतकातच साधले होते. १९३१ च्या सुमारास अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीच्या संशोधकांनी ओलेफिनांपासून वंगणतेल बनवून दाखवले. पण खनिज तेल स्वस्त व मुबलक असल्याने त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. गरज निर्माण झाली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे खनिज तेलाचा तुटवडा होता, शिवाय रशियाच्या हिवाळ्यात साधी तेले गोठून वाहने सुरू होईनाशी झाली. हर्मन झॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली त्या काळात एस्टर तेलांवर विस्तृत संशोधन झाले. युद्धोत्तर काळात जेट विमानांच्या इंजिनांनी एस्टर तेलांना कायमचे स्थान मिळवून दिले, कारण तेथे खनिज तेल टिकतच नव्हते.

मोटारीपर्यंत ही तेले पोहोचली ती विमानांच्याच वाटेने. लढाऊ विमानांचे वैमानिक असलेले अल्बर्ट अमाटुझिओ यांनी स्थापन केलेल्या ॲम्सऑइल या अमेरिकी कंपनीचे संश्लेषित तेल १९७२ मध्ये एपीआयच्या मोटार तेलविषयक कसोट्यांना उतरले. फ्रान्समधील मोट्युल कंपनीने त्याच्या आसपास शर्यतीच्या गाड्यांसाठी एस्टरयुक्त तेल आणले. मोबिल कंपनीचे 'मोबिल १' त्याच दशकाच्या मध्यास बाजारात आले. १९७३ च्या तेलसंकटामुळे इंधनबचतीचा विचार सुरू झालेला होता; पातळ तेल वापरून इंधन वाचवता येते, हा मुद्दा तेव्हापासून पुढे आला.

कॅस्ट्रॉल या सुपरिचित नावाची व्युत्पत्तीही येथे नोंदवण्याजोगी आहे. चार्ल्स वेकफिल्ड यांच्या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या तेलाला हे नाव दिले, त्यात एरंडेल मिसळलेले असे. एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून ते पडले. एरंडेल रासायनिकदृष्ट्या एस्टरच आहे. म्हणजे आजच्या पाचव्या गटातील महागड्या तेलांचे आपल्या बैलगाडीच्या वंगणाशी दूरचे का होईना, नाते लागते. या कंपनीच्या भारतीय शाखेचे मुख्यालय मुंबईत असून तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे आहे. मुंबईतील माहुल परिसरातील सरकारी कंपन्यांच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतही वंगणाच्या मूळ तेलाचे उत्पादन होते.

'संश्लेषित' या शब्दाचा वाद

१९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत 'संश्लेषित' म्हणजे चौथ्या वा पाचव्या गटाचे तेल, असा सर्वसाधारण समज होता. त्या सुमारास कॅस्ट्रॉलने अमेरिकेतील आपल्या 'सिंटेक' तेलात पॉलिअल्फाओलेफिनऐवजी तिसऱ्या गटाचे तेल वापरण्यास प्रारंभ केला, मात्र डब्यावरील 'सिंथेटिक' हा शब्द कायम ठेवला. मोबिल कंपनीने जाहिरातींच्या सत्यतेची तपासणी करणाऱ्या तेथील एका स्वयंनियामक संस्थेकडे तक्रार नेली. तिसऱ्या गटाच्या तेलातही रेणूंची रचना रासायनिक प्रक्रियेने बदललेली असते, हा कॅस्ट्रॉलचा युक्तिवाद १९९९ मध्ये मान्य झाला. त्यानंतर बहुतेक उत्पादकांनी हाच मार्ग पत्करला. जर्मनीत मात्र 'पूर्ण संश्लेषित' हे शब्द आजही चौथ्या व पाचव्या गटांपुरतेच मर्यादित मानले जातात.

या निर्णयाचा ग्राहकासाठी अर्थ असा, की डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिले असले तरी आत तिसऱ्या गटाचे तेल असू शकते. त्यात फसवणूक मानण्याचे कारण नाही, कारण तिसऱ्या गटाची उत्तम तेले पॉलिअल्फाओलेफिनच्या बरीच जवळ पोहोचली आहेत. 'सेमी-सिंथेटिक' या शब्दाबाबत अधिक सावध राहावे. त्यात संश्लेषित भाग किती असावा याचे सर्वमान्य किमान प्रमाण ठरलेले नाही. तो निम्मा असू शकतो, तसाच अत्यल्पही असू शकतो. 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' यासारखी शब्दरचना तर त्याहून सैल आहे.

श्यानतेचे अंक

डब्यावरील '५डब्ल्यू-३०' यासारखी खूण सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्स (एसएई) या संस्थेच्या वर्गीकरणातील असते. यातील 'डब्ल्यू' हे अक्षर 'विंटर' म्हणजे हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर आहे. ते 'वेट' म्हणजे वजन या शब्दाचे आहे, असा समज गॅरेजांतही आढळतो. तो चुकीचा आहे.

डब्ल्यूच्या आधीचा अंक थंड तेलाविषयी सांगतो. इंजिन सुरू करताना तेलाचा अडथळा ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे, ही कसोटी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश सेल्सिअसला, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला, १५डब्ल्यूसाठी उणे २० ला आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ ला घेतात. नंतरचा अंक तापलेल्या इंजिनातील तेलाविषयी सांगतो. १०० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता सेंटिस्टोक या एककात ६.९ ते ९.३ च्या दरम्यान असल्यास २० हा अंक मिळतो, ९.३ ते १२.५ असल्यास ३०, १२.५ ते १६.३ असल्यास ४०, आणि १६.३ ते २१.९ असल्यास ५०. याखेरीज १५० अंशांना, बेअरिंगमधील जोरदार घासणीसारख्या परिस्थितीत, तेलाचा पापुद्रा किती टिकतो याची वेगळी किमान मर्यादा प्रत्येक अंकास लावलेली आहे. इंजिनाच्या आयुर्मानाच्या दृष्टीने ही शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची असूनही ती डब्याच्या दर्शनी भागावर छापलेली नसते.

महाराष्ट्रात उणे ३० अंश तापमान कोठेच नसते. मग ०डब्ल्यू वा ५डब्ल्यू तेलाचा येथे उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे, की इंजिनाच्या दृष्टीने 'थंड' म्हणजे सुमारे ९० ते ११० अंशांच्या नेहमीच्या कार्यतापमानाच्या खालचे सर्व काही. विदर्भातील उन्हाळ्याची दुपार ४० अंशांची असली तरी रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या लेखी ती थंडच. या ४० अंशांना २०डब्ल्यू-५० या तेलाची श्यानता साधारणतः १६० सेंटिस्टोकच्या वर असते, १५डब्ल्यू-४० ची ११० च्या आसपास, ५डब्ल्यू-४० ची ८० ते ९०, तर ०डब्ल्यू-२० ची ४० ते ४५. इंजिन सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत कॅमशाफ्टपर्यंत तेल पोहोचण्यास यामुळेच कमीअधिक वेळ लागतो, आणि सुरुवातीचे हे क्षण झिजेच्या दृष्टीने नाजूक असतात. अर्थात लडाखमध्ये हा फरक गाडी सुरू होणे आणि न होणे यांतला ठरतो, तर रत्नागिरीत तो थोडक्या झिजेचाच राहतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

याच्याच उलट बाजूचा गैरसमज अधिक घातक आहे. 'आपला प्रदेश उष्ण, तेव्हा जाड तेल घालावे' हा सल्ला मिळतो. परंतु तापलेल्या इंजिनातील तेलाचे तापमान मुख्यतः शीतन यंत्रणा व इंजिनावरील भार यांवर ठरते. बाहेर २० अंश आहेत की ४२, याचा परिणाम त्या मानाने लहान असतो. उत्पादकाने ज्या बाजारपेठेसाठी पुस्तिका छापली, तेथील हवामान त्याने विचारात घेतलेलेच असते.

गुणवत्तेची प्रमाणके

एकाच श्यानतेची दोन तेले गुणवत्तेत कमालीची भिन्न असू शकतात. तो फरक प्रमाणकांतून कळतो. एपीआयच्या पद्धतीत पेट्रोल इंजिनांसाठी 'एस' व डिझेल इंजिनांसाठी 'सी' या अक्षराने आरंभ होतो. पुढचे अक्षर जितके वर्णमालेत पुढचे, तितके प्रमाणक नवे. मधली काही अक्षरे वगळलेली आहेत. एसएन हे २०१० मधील, एसपी हे २०२० मधील, तर एसक्यू हे २०२५ मधील प्रमाणक होय. पेट्रोलच्या मालिकेत नवे प्रमाणक जुन्याची जागा घेऊ शकते, असे सर्वसाधारणपणे मानतात. डिझेलच्या मालिकेत हे सरसकट खरे नाही. सीके-४ जुन्या इंजिनांस चालते. परंतु त्याच्याबरोबर २०१६ मध्ये आलेले एफए-४ पातळ तेलांसाठीच असल्यामुळे जुन्या इंजिनांस चालत नाही.

एसपी प्रमाणकाची पार्श्वभूमी उद्बोधक आहे. लहान आकाराच्या, थेट इंधन-अंतःक्षेपण व टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला जोर दिला असता ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते, असे आढळून आले. अशा एकाच दणक्याने पिस्टन फुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त प्रक्षालक द्रव्य या अकाली ज्वलनास हातभार लावते, हे संशोधनातून कळल्यावर मॅग्नेशियमयुक्त द्रव्याचा वापर वाढवून तेलाची घडण बदलण्यात आली. म्हणून अशा गाडीत जुन्या प्रमाणकाचे महाग संश्लेषित तेल घालण्यापेक्षा एसपी वा त्यापुढील प्रमाणकाचे साधे वाटणारे तेल घालणे केव्हाही सुरक्षित.

युरोपीय मोटार उत्पादकांच्या एसीईए या संघटनेची प्रमाणके वेगळी असतात. त्यांतील 'सी' या अक्षराने सुरू होणारी तेले, उदाहरणार्थ सी२ व सी३, धूर गाळणाऱ्या यंत्रणेच्या रक्षणासाठी बनवलेली असतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सर्रास आली. काजळी जाळून टाकता येते. मात्र तेलातील धातुयुक्त पूरक द्रव्यांची राख जळत नाही, ती गाळणीत साचत जाते. सी२ व सी३ तेलांत ही राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते. गाळणी बदलण्याचा खर्च पाहता, चुकीच्या तेलाने वाचवलेले काही शे रुपये फार महागात पडतात.

याशिवाय फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू आदी उत्पादकांची स्वतःची प्रमाणके असतात. ती केवळ व्यापारी हेतूने काढलेली आहेत अशी शंका घेतली जाते. काही अंशी ती रास्तही असेल. पण फोक्सवॅगन समूहाच्या 'पुंपे-ड्यूझे' डिझेल इंजिनांचे उदाहरण वेगळे सांगते. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर इंधन दाबणारा स्वतंत्र पंप असे आणि तो कॅमशाफ्टवरूनच चालवला जाई. सुमारे २,००० बार इतका दाब निर्माण करण्याचा भार कॅमशाफ्टवर आला, शिवाय पंपासाठी जागा करताना झडपांचे उंचवटे अरुंद झाले. त्यामुळे त्यासाठी 'व्हीडब्ल्यू ५०५.०१' हे खास प्रमाणक आखण्यात आले. ते न पाळता दुसरे चांगले संश्लेषित तेल घातलेल्या गाड्यांतही कॅमशाफ्टचे उंचवटे अकाली झिजल्याची उदाहरणे घडली. हे इंजिन भारतात स्कोडा लॉरा या गाडीत होते.

निवड

तेलाची निवड गाडीच्या पुस्तिकेपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. पुस्तिकेत दिलेली श्यानता आणि प्रमाणक या दोन्ही गोष्टी डब्यावर छापलेल्या असल्या पाहिजेत. एक जुळली आणि दुसरी नाही, तर ते तेल आपले नव्हे. पुस्तिकेत अनेक श्यानता दिलेल्या असल्यास तापमानाचा तक्ता पाहावा. नाममुद्रेचा विचार यानंतर येतो.

सुझुकी, टोयोटा, होंडा आदी जपानी उत्पादकांच्या अलीकडील पेट्रोल इंजिनांसाठी ०डब्ल्यू-१६ वा ०डब्ल्यू-२० अशी पातळ तेले सांगितलेली असतात. येथे 'संश्लेषित की खनिज' हा प्रश्न मुळात उद्भवत नाही. २५० अंशांना तासभर ठेवले असता तेलाचा १५ टक्क्यांहून अधिक भाग उडून जाऊ नये, अशी सध्याच्या प्रमाणकांची अट आहे. इतके पातळ तेल पारंपरिक खनिज तेलापासून बनवल्यास ती अट पूर्ण होत नाही. म्हणजे ०डब्ल्यू-२० असे लिहिलेले, प्रमाणित तेल संश्लेषितच असणार. अशा इंजिनात 'घाटरस्त्यासाठी' म्हणून २०डब्ल्यू-५० घालणाऱ्याने इंधन तर वाया घालवलेच, शिवाय झडपांची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेस अडथळा केला. उलट, जाड तेलासाठी बेअरिंगच्या फटी राखलेल्या जुन्या इंजिनात ०डब्ल्यू-१६ घातल्यास तेलाचा दाब घसरतो. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, जतन केलेली एखादी प्रीमियर पद्मिनी आजही २०डब्ल्यू-४० वा २०डब्ल्यू-५० या साध्या खनिज तेलावर सुखाने चालते. तिला संश्लेषित तेल पाजणे ही हौस म्हणावी.

ज्या गाडीस खनिज व संश्लेषित दोन्ही चालतात, तिच्या बाबतीत हिशेब करावा लागतो. संश्लेषित तेल साधारणतः दीडपट ते तिप्पट महाग असते. उच्च तापमानाला ते सहसा ऑक्सिडीकृत होत नाही, त्यामुळे गाळ कमी धरते व अधिक अंतर टिकते. बोरघाट वा कसारा घाट भरल्या गाडीने नेहमी चढणारा, द्रुतगती मार्गावर लांबचा प्रवास करणारा किंवा टर्बोचार्जरची गाडी बाळगणारा या गुणांचा पुरता लाभ घेतो. मात्र ज्याची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरते, त्याला दीर्घ आयुष्याचा फायदा मिळत नाही. भारतात बहुतेक मोटारींसाठी १०,००० किलोमीटर वा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल त्यास तेल बदलण्यास सांगितलेले असते. कमी चालणाऱ्या गाडीचे तेल वर्षाच्या अटीने बदलावे लागते, मग ते कितीही उंची असो.

कमी चालणाऱ्या गाडीचे तेल 'वापरलेच नाही' म्हणून पुढील वर्षासाठी ठेवण्याची काटकसर घरोघरी दिसते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. ज्वलनातील पाणी व न जळलेले इंधन तेलात उतरते आणि बाहेर पडण्याइतकी उष्णता त्यास मिळत नाही. अशा गाडीचे तेल लांब प्रवास करणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. मुंबई-पुण्याच्या वाहतूक कोंडीत तासन्‌तास निष्क्रिय चालणारे इंजिनही याच वर्गात मोडते, कारण तेथे किलोमीटर वाढत नाहीत पण इंजिनाचे तास वाढतात. पुस्तिकेत याला 'कठीण परिस्थितीतील वापर' असे म्हणून बदलाचे अंतर बहुधा निम्म्यावर आणलेले असते. ते पान सहसा कोणी वाचत नाही.

हमीच्या मुदतीत अधिकृत सेवाकेंद्राबाहेर तेल बदलल्यास पावती व डब्यावरील प्रमाणकाची नोंद जपून ठेवावी. तेलाबरोबर तेलाची गाळणीही बदलावी. तेल डिपस्टिकवरील दोन खुणांच्या मध्येच असावे. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस काढतो आणि फेसाळ तेल वंगणाचे काम करत नाही. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसल्यास आनंद मानू नये. गाळणी साफ होताना जादा सोडलेले डिझेल तेलात उतरल्याची ती खूण असते.

दुचाकींच्या बाबतीत

गिअर असलेल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या तेलातील घर्षण घटवणारी द्रव्ये या क्लचला घसरवतात. म्हणून मोटारसायकलीसाठी जेएएसओ या जपानी संस्थेचे एमए वा एमए२ हे प्रमाणक पाहावे. मोटारीचे उरलेले तेल मोटारसायकलीत ओतण्याचा मोह टाळणे बरे.

काही रूढ समज

संश्लेषित तेल एकदा वापरले की पुन्हा खनिज तेलाकडे वळता येत नाही, हा समज निराधार आहे. प्रमाणित इंजिन तेले एकमेकांत मिसळण्याजोगी असावीत, अशी प्रमाणकांचीच अट असते. वाटेत तेल कमी पडल्यास दुसऱ्या नाममुद्रेचे, जवळच्या श्यानतेचे तेल घालणे कोरड्या इंजिनापेक्षा शतपटीने चांगले. मिश्रणाचे गुण मात्र दोहोंतील उत्तम तेलाइतके राहत नाहीत, म्हणून पुढील बदल लवकर करावा.

संश्लेषित तेलाने गळती होते, या समजाला ऐतिहासिक आधार आहे. आरंभीच्या शुद्ध पॉलिअल्फाओलेफिन तेलांनी रबरी सील आकसत असत. एस्टर त्यांना किंचित फुगवते. दोहोंचे प्रमाण साधल्यावर ही अडचण मिटली. जुन्या गाडीत आज गळती दिसली, तर बहुधा आधीच कडक झालेल्या सीलच्या फटी गाळाने बुजलेल्या असतात आणि नव्या तेलातील प्रक्षालक तो गाळ धुऊन काढते.

तेल काळे पडले म्हणजे खराब झाले, हेही खरे नाही. काजळी तरंगत ठेवणारे द्रव्य आपले काम करत असल्याने ते काळे होते; डिझेल गाडीत तर नवे तेल काही दिवसांतच काळे दिसते. उलट, बरेच अंतर चालूनही पिवळेधमक राहिलेले तेल असल्यास घाण कोठे साठत आहे याचा विचार करावा. बाटलीतून मिळणारी 'इंजिन संरक्षक' मिश्रणे वेगळी घालण्याची शिफारस बहुतेक वाहन उत्पादक करत नाहीत, कारण प्रमाणित तेलातील द्रव्यांचा समतोल त्यामुळे बिघडू शकतो.

बनावट तेल

नामांकित कंपन्यांच्या डब्यांतून गाळलेले जुने तेल विकण्याचे प्रकार भारतात वारंवार उघडकीस आले आहेत. अशा तेलाचा रंग व स्निग्धपणा खऱ्यासारखाच असतो. बोटांवर चोळून गुणवत्ता ओळखण्याची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. झाकणाखालील सील अखंड आहे का, डब्यावरील व झाकणावरील गट क्रमांक जुळतात का, खरवडून तपासायचा सांकेतिक क्रमांक दिला असल्यास तो उत्पादकाकडे पडताळून मिळतो का, हे पाहावे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या डब्यापासून दूर राहावे. गॅरेजात सुट्या पिंपातून तेल भरले जात असेल तर पावतीवर नाव, श्यानता व प्रमाणक लिहून मागावे. तेल बदलून झाल्यावर रिकामा डबा भोक पाडून वा झाकण कापून निकामी करावा. भंगारात गेलेला धडका डबा हाच बनावट तेलाच्या धंद्याचा कच्चा माल असतो.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

इंजिनातून काढलेले तेल, ज्याला गॅरेजात जळके ऑइल म्हणतात, ते संश्लेषित असले तरी घातकच असते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि अपूर्ण ज्वलनातून उतरलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बने असतात, ज्यांतील काही कर्करोगजनक आहेत. बांधकामावरील सेंट्रिंगच्या फळ्यांना, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वाशांना, किंवा साखळ्या व कुलपांना ते लावण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. ते हाताने लावणाऱ्या मजुराच्या त्वचेत आणि पावसाबरोबर जमिनीत उतरते. भारतात वापरलेले तेल हे घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांखाली येते व ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच देणे अपेक्षित आहे. २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली. घरी तेल बदलणाऱ्याने काढलेले तेल झाकणबंद डब्यात भरून, त्यात पाणी, पेट्रोल वा शीतनद्रव न मिसळता, ते गोळा करणाऱ्या सेवाकेंद्राकडे पोहोचवावे. मिसळलेल्या तेलावर पुनर्प्रक्रिया करणे अवघड होते. शुद्ध राखलेल्या जुन्या तेलापासून पुन्हा मूळ तेल काढता येते, आणि आधुनिक हायड्रोजन प्रक्रियेने ते दुसऱ्या गटाच्या दर्जापर्यंत नेता येते.